‘काढलाच कशाला?’ हा प्रश्न आपण चुकीच्या माणसाला विचारतोय

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ना’ थोडे कमी केलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.)

आज हेडफोन असतील तर लावाच. विषय एसटीत स्पीकरवर ऐकण्यासारखा नाही, पण एसटीत बसलेल्या प्रत्येकाच्या खिशातला आहे.

गेल्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. त्याचं नाव, गाव सांगत नाही. त्याच्या वर्गातल्या एका मुलीचे खासगी फोटो तिच्या आधीच्या मित्राने कॉलेजच्या ग्रुपवर टाकले. दोन दिवसांत ते आणखी चार ग्रुपांवर गेले. मुलगी कॉलेजला यायची बंद झाली. आणि ग्रुपवर सगळ्यांचं एकमत काय, तर ‘त्याने केलं ते वाईटच, पण हिने तरी असले फोटो काढायचेच कशाला?’ शेवटी तो विचारतो, ‘ताई, मी फोटो पाहिले, पण पुढे पाठवले नाहीत. मग यात माझा काही संबंध येतो का?’

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून नीट उत्तर द्यायचंय. मी वकील नाही. पण असे फोटो बाहेर कसे पडतात, कायदा कुणाला धरतो आणि आपल्या हातात काय असतं, एवढं आज समजून घेऊ. त्याच्या प्रश्नाकडे मग येते.

आधी एक जुनी गोष्ट: ऑगस्ट २०१४

३१ ऑगस्ट २०१४. फोरचॅन नावाच्या साइटवर हॉलिवूडमधल्या अनेक अभिनेत्रींचे अत्यंत खासगी फोटो आले आणि तिथून ते रेडिट, ट्विटर असे सगळीकडे पसरले. पहिली बातमी अशी होती की आयक्लाऊड फुटलं. दोन दिवसांनी ॲपलने सांगितलं की आमची यंत्रणा फुटलेली नाही. ठरावीक लोकांची युजरनेम, पासवर्ड आणि सुरक्षा प्रश्न यांच्यावर नेम धरून हल्ला झालाय.

पुढे अमेरिकेत जे खटले झाले, त्यांतून पद्धत कळली. पेनसिल्व्हेनियातल्या एका माणसाने जवळजवळ दोन वर्षं लोकांना ईमेल पाठवले होते. ईमेल ॲपलकडून किंवा गूगलकडून आल्यासारखे दिसायचे. ‘तुमचं खातं धोक्यात आहे, पासवर्ड टाका’, त्या धर्तीचे. लोकांनी टाकला. त्याने किमान ५० आयक्लाऊड आणि ७२ जीमेल खात्यांत प्रवेश मिळवला. २०१६ मध्ये त्याला १८ महिन्यांची कैद झाली. आपल्याकडे ‘वीजबिल भरलं नाही, रात्री लाइट तोडू’ असा मेसेज येतो, तो याच घराण्यातला.

यातल्या दोन बारीक गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

एक, सुरक्षा प्रश्न. ‘तुमची पहिली शाळा कोणती?’ ‘पाळीव प्राण्याचं नाव काय?’ नटीची उत्तरं तिच्या मुलाखतीत सापडतात. आपली कुठे सापडतात? शाळेचं नाव फेसबुकवर, मांजरीचं नाव इन्स्टाच्या बायोत, वाढदिवस तर शंभर जणांच्या स्टेटसला.

दोन, डिलीट केलेले फोटो. मेरी एलिझाबेथ विन्स्टेड या अभिनेत्रीने तेव्हा सांगितलं होतं की ते फोटो तिने फार पूर्वीच डिलीट केले होते. फोनमधून गेलेला फोटो बॅकअपमध्ये, दुसऱ्या टॅबमध्ये, लॅपटॉपवर किंवा ज्याला पाठवला त्याच्या गॅलरीत राहू शकतो. एकच फोटो, पण त्याची घरं चार.

या प्रकरणात सगळ्यात जास्त नाव घेतलं गेलं ते जेनिफर लॉरेन्सचं. काही आठवड्यांनी ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाला दिलेल्या मुलाखतीत तिने सांगितलं की ती माफीचं पत्र लिहायला बसली होती, पण माफी मागावी असं आपण काही केलेलंच नाही हे तिच्या लक्षात आलं. याला ‘स्कँडल’ म्हणू नका, हा लैंगिक गुन्हा आहे, असं ती म्हणाली. आणि ज्यांनी ते फोटो शोधून पाहिले, तेही त्यात सामील आहेत, असंही म्हणाली. तिच्या ओळखीची, तिला आवडणारी माणसंही त्यात होती, हेही तिने बोलून दाखवलं.

आता गंमत बघा. चोरी एकाची, पसरवणं हजारोंचं, पाहणं लाखोंचं. आणि माफीचं पत्र लिहायला कोण बसली? जिचे फोटो चोरीला गेले ती. आपल्याकडे याला म्हण आहे: चोर सोडून संन्याशाला फाशी.

‘काढलाच कशाला?’ हा प्रश्न कुठे मोडतो

हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं, फोटो काढला नसता तर लीक झालाच नसता. ऐकायला बरोबर वाटतं. पण प्रत्यक्षात खासगी गोष्टी बाहेर कशा पडतात ते पाहा.

आधीचा मित्र किंवा मैत्रीण सूड म्हणून टाकते. दुरुस्तीला दिलेल्या मोबाइलमधून कुणीतरी कॉपी करतं. सायबर कॅफेत किंवा भावाच्या लॅपटॉपवर खातं उघडंच राहतं. झटपट कर्ज देणारं एखादं बेकायदा ॲप काँटॅक्ट आणि गॅलरीची परवानगी मागून घेतं, आणि हप्ता चुकला की फोटोवर काहीतरी अश्लील जोडून नातेवाइकांना पाठवतं. अनोळखी ‘मुलीचा’ व्हिडिओ कॉल येतो, समोर आधीच रेकॉर्ड केलेली क्लिप चालू असते, इकडे मुलाची स्क्रीन रेकॉर्ड होते, आणि दुसऱ्या दिवशी ‘मी सायबर सेलमधून बोलतोय’ म्हणून पैसे मागणारा फोन.

आणि आता तर फोटो काढायचीही गरज उरलेली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा म्हणून लिफ्टमध्ये शिरतानाचा एक व्हिडिओ फिरला. त्यातली बाई वेगळीच होती, चेहरा फक्त रश्मिकाचा चिकटवलेला. तिने काय ‘काढायला नको होतं’? लग्नातला साडीतला फोटोही आज पुरतो. म्हणजे ‘काढलाच कशाला’ या सल्ल्याचा शेवट ‘तोंड दाखवलंच कशाला’ इथे होतो.

मग खबरदारी घ्यायचीच नाही का? घ्यायची, शंभर टक्के घ्यायची. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवायचं. ईमेलचा पासवर्ड बाकी कुठेच वापरायचा नाही, कारण ईमेल हातात आला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात. सुरक्षा प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं नाही. पहिल्या शाळेच्या जागी ‘तिखट शेव’ लिहिलंत तरी चालतं, तुमच्या लक्षात राहिलं म्हणजे झालं. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ आणि इन्स्टाग्रामवर कुठून कुठून लॉगिन आहे ते महिन्यातून एकदा बघायचं. मोबाइल दुरुस्तीला देताना काही कंपन्यांच्या फोनमध्ये मेंटेनन्स मोड असतो, तो लावायचा. नसेल तर बॅकअप घेऊन फोन रिकामा करून द्यायचा.

पण खबरदारी वेगळी आणि दोष वेगळा. घराला कुलूप लावायला विसरलेल्या माणसाला आपण ‘अरे, जपून राहा’ म्हणतो. पण चोरी झाली तर पोलीस चोराला शोधतात, घरमालकाला आत टाकत नाहीत. फोटोच्या बाबतीत मात्र आपण घरमालकाच्या दारात गर्दी करतो.

परवानगी कशाची दिली होती?

समजा, तुम्ही तुमचा तपासणीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला. उद्या दवाखान्यातल्या कुणी तो एसटी स्टँडवर चिकटवला आणि म्हणाला, ‘डॉक्टरांना दाखवलाच होता ना स्वतःहून?’ तर? आपल्याला हसू येईल. कारण एकाला दाखवणं म्हणजे गावाला दाखवणं नव्हे, हे आपल्याला रिपोर्टच्या बाबतीत पटकन कळतं.

कायदासुद्धा नेमकं हेच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिचं कलम ७७ स्त्रीची खासगी कृती चोरून पाहणं, तिचं चित्रण करणं आणि ते पसरवणं याबद्दल आहे. त्या कलमाखाली एक स्पष्टीकरण दिलंय. त्याचा साधा अर्थ असा: चित्रण करायला तिची संमती होती, पण ते तिसऱ्या माणसाला दाखवायला नव्हती, आणि तरी ते पसरवलं, तर तो गुन्हाच. पहिल्यांदा दोषी ठरलं तर एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. पुन्हा केलं तर तीन ते सात वर्षं. हे नवीन नाही. जुन्या आयपीसीत २०१३ सालीच ते कलम ३५४-क म्हणून आलं होतं.

म्हणजे ‘तिने स्वतःच पाठवला होता’ हा बचाव, जो कट्ट्यावर सगळ्यांना पटतो, तो कायद्याने आधीच खोडून ठेवलाय.

मुलांचं काय? कलम ७७ स्त्रियांबद्दल बोलतं. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई कुठल्याही व्यक्तीला लागू आहे. संमतीशिवाय कुणाच्याही खासगी अवयवांचं चित्र काढणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि लैंगिक कृत्य दाखवणारं काही इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवलं तर कलम ६७-ए: पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. हे मुद्दाम सांगते, कारण व्हिडिओ कॉलच्या सापळ्यात मुलं खूप सापडतात आणि लाजेने कुणालाच सांगत नाहीत. भावांनो, तुमच्यासाठीही कायदा आहे.

हे फक्त कागदावर नाही. २०१८ साली पश्चिम बंगालमधल्या तामलुकच्या न्यायालयाने आधीच्या मैत्रिणीचं खासगी चित्रण इंटरनेटवर टाकणाऱ्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे २४ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल. नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

‘मी फक्त फॉरवर्ड केला’

आता साखळीकडे येऊ. कायद्यातला शब्द आहे ‘पाठवणं’. पहिल्यांदा पाठवणं आणि पन्नासाव्यांदा पाठवणं असा फरक तिथे नाही. ‘मी टाकला नाही, मला आला होता’ हे खरं असेल, पण तुम्ही तो पुढे पाठवलात तर ते पाठवणं तुमचं.

ग्रुपचे ॲडमिन घाबरले असतील, तर त्यांच्यासाठी. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियातल्या एका प्रकरणात सांगितलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, आधीपासून संगनमत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. म्हणजे तुम्ही आपोआप गुन्हेगार होत नाही. पण ॲडमिनला आता कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. शंभर लोकांच्या ग्रुपमध्ये हे बटण एक-दोघांकडेच असतं. ते रात्रभर दाबायचं नाही आणि सकाळी ‘वाईट झालं’ म्हणायचं, याला काय अर्थ?

इथे तंत्रज्ञानाची एक गोष्ट कळली पाहिजे. इन्स्टाग्रामवर किंवा एखाद्या साइटवर फोटो पडला तर तक्रार करता येते, कंपनी तो काढू शकते. पण व्हॉट्सॲपवरची चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असते. पाठवणारा आणि घेणारे सोडले तर मधल्या कुणालाच, कंपनीलासुद्धा, आतलं दिसत नाही. आपल्या गप्पांसाठी हे चांगलंच आहे. पण याचा दुसरा अर्थ असा की ग्रुपमध्ये फिरणारा फोटो कंपनी स्वतःहून हुडकून थांबवू शकत नाही. तो थांबतो एकाच ठिकाणी, कुणाच्या तरी अंगठ्यापाशी.

आता त्या श्रोत्याचं उत्तर

मित्रा, तुझ्या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत.

कायद्याचं आधी. मी वर सांगितलेल्या कलमांचा रोख काढणाऱ्यावर, प्रसिद्ध करणाऱ्यावर आणि पाठवणाऱ्यावर आहे. ग्रुपवर आपोआप येऊन पडलेला फोटो दिसला, म्हणून कुणी तुझ्या दारात बेड्या घेऊन येणार नाही. पण एक फार मोठा अपवाद आहे. ती मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल, तर सगळं बदलतं. अकरावी-बारावीतली बरीच मुलं १८ च्या आतच असतात, हे विसरू नका. अशा वेळी कलम ६७-बी आणि पॉक्सो लागतो, आणि तिथे असं साहित्य शोधणं, डाउनलोड करणं, जमवणं हेही गुन्हे आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत फार कडक भूमिका घेतली. त्यामुळे व्हॉट्सॲपमधलं मीडिया ऑटो-डाउनलोड आजच बंद कर. नाहीतर तू न मागता दुसऱ्याचा गुन्हा तुझ्या गॅलरीत येऊन बसतो.

दुसरं उत्तर. ‘माझा काही संबंध येतो का?’ येतो. तू साक्षीदार आहेस. कुणी टाकलं, कधी टाकलं, कुठल्या ग्रुपवर टाकलं, हे तुला माहीत आहे. तिला कदाचित नाही, कारण ती त्या ग्रुपमध्ये नसेलही. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ, ग्रुपचं नाव याची नोंद करून ठेव. फोटो जवळ ठेवू नकोस, कुणाला ‘पुरावा’ म्हणूनही पाठवू नकोस. ग्रुपवर एक ओळ लिही: ‘डिलीट करा, हा गुन्हा आहे.’ पहिली ओळ लिहिणं अवघड असतं. दुसरी आणि तिसरी लिहिणारे बहुतेक वेळा वाटच बघत असतात. आणि तिच्या एखाद्या जवळच्या मैत्रिणीतर्फे निरोप दे की, लागेल तेव्हा मी सांगायला तयार आहे. तिला सध्या वाटत असेल की अख्खं कॉलेज त्या बाजूला आहे. एक माणूस या बाजूला आहे एवढं कळलं, तरी कॉलेजचं फाटक तिला थोडं जवळ येईल.

तुमच्यावरच वेळ आली तर

पटापट सांगते, हा भाग सेव्ह करून ठेवा.

पहिलं, घाबरून खातं किंवा चॅट डिलीट करू नका. लिंक, प्रोफाइलचं युजरनेम, नंबर, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या.

दुसरं, पैसे देऊ नका. पैसे दिले की त्यांना कळतं की इथून पैसे निघतात, आणि मागणी वाढते. आधीच दिले असतील तर लगेच १९३० ला फोन करा.

तिसरं, एका माणसाला सांगा. आई, मावशी, दादा, कॉलेजमधल्या बाई, कुणीही. एकट्याने रात्र काढू नका.

चौथं, त्या ॲपवर तक्रार करा. २०२१ च्या आयटी नियमांनी नग्नता दाखवणाऱ्या किंवा मॉर्फ केलेल्या अशा फोटोंवर, संबंधित व्यक्तीची किंवा तिच्या वतीने कुणाची तक्रार आली की कारवाईसाठी कंपनीला जास्तीत जास्त २४ तासांची मुदत घातली.

पाचवं, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. लैंगिक स्वरूपाच्या मजकुराबद्दल नाव न सांगताही तिथे कळवता येतं. पोलीस ठाण्यात जायचं असेल तर हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो.

सहावं, स्टॉप एनसीआयआय डॉट ऑर्ग. इथे फोटो अपलोड करावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा एक कोड, तयार होतो. फक्त तो कोड सहभागी कंपन्यांकडे जातो, आणि त्याच्याशी जुळणारा फोटो त्यांना अडवता येतो. ठशावरून फोटो परत बनवता येत नाही. वय १८ च्या आत असताना काढलेल्या फोटोसाठी ‘टेक इट डाऊन’ ही अशीच वेगळी सेवा आहे. मर्यादाही सांगते: हे सहभागी कंपन्यांपुरतंच चालतं, आणि एन्क्रिप्टेड चॅटमध्ये पोचत नाही. तिथे पुन्हा माणसंच.

आणि ज्याला कुणी येऊन हे सांगेल, त्याच्यासाठी. पहिलं वाक्य ‘काढलास कशाला?’ नको. ‘कुठे दिसलं? चल, आधी स्क्रीनशॉट घेऊ’ एवढं म्हणा. सल्ले नंतर देता येतात.

जाता जाता

आपण प्रायव्हसी म्हटलं की फक्त स्वतःच्या फोटोंचा विचार करतो. पण तुमच्या गॅलरीत एकट्या तुमचंच थोडं असतं? मैत्रिणीच्या आधारचा फोटो असतो, रूममेटचा झोपेतला व्हिडिओ असतो, काकांचा मेडिकल रिपोर्ट असतो, कुणीतरी रडत रडत लिहिलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट असतो. आणि कदाचित संपलेल्या नात्यातलं बरंच काही. आपल्या आजीच्या भाषेत ही ठेव आहे. विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू. देणारा आपल्याशी बोलेनासा झाला, म्हणून ठेव आपली होत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. खासगी गोष्ट जपण्याची जबाबदारी, ती ज्याची आहे त्याच्यावर जेवढी असते, तेवढीच या क्षणी ती ज्याच्या हातात आहे त्याच्यावरही असते. हातात आलं की आपली पाळी.

तर आज एकच गृहपाठ. गॅलरी उघडा, दुसऱ्याचं जे तुमच्याकडे राहून गेलंय ते शोधा, काढून टाका, आणि ‘रिसेंटली डिलीटेड’ आणि बॅकअपमधूनही काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

काही प्रश्न असतील तर नेहमीसारखे पाठवा, नाव गुप्त राहील. हा भाग मात्र बिनधास्त फॉरवर्ड करा, याला माझी पूर्ण संमती आहे. भेटू पुढच्या भागात!